चुकलेलं पान

चौथीतली सोनाली पालकसभेत पुस्तक घेऊन उभी राहिली आणि धडा वाचू लागली. ओळींखालून बोट सावकाश सरकत होतं. मी शेजारीच होते, म्हणून मला दिसलं, तिनं पान भलतंच उघडलं होतं.

सरपंच म्हणाले, "बघा, ह्याला म्हणायचं प्रगत शाळा!" टाळ्या पडल्या. ह्याच लोकांनी सुट्टीत श्रमदान करून आमच्या वर्गांना रंग दिला होता.

आता सांगतेच. तो धडा मी तिच्याकडून पाठ करून घेतला होता. तिला साधे काना-मात्रासुद्धा लागत नाहीत. वर्षअखेरीच्या नोंदीत कुणी 'अप्रगत' दिसू नये, एवढंच मी पाहिलं. शिकवण्यापेक्षा घोकून घेणं लवकर होतं. बोट सरकवायलाही मीच शिकवलं, तेवढं मात्र तिला छान जमलं.

गाव शाळेला घाम देतं, पोरं देतं आणि आत काय चाललंय ते विचारत नाही. आपल्याला कळत नाही, बाईंना कळतं, असं धरून चालतं. अशा माणसांना फसवायला हुशारीसुद्धा लागत नाही.

सभा संपल्यावर सोनालीची आई आली, हातात औषधाची बाटली आणि एक चिठ्ठी.

"बाई, सासऱ्यांचं औषध कसं द्यायचं ते डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलंय. म्हटलं, आता घरातच वाचणारी झाली, दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? वाच गं सोने!"

सोनालीनं चिठ्ठी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. धडा घोकताना सांगायचे तसा पहिला शब्द मी सांगितला, की पुढचं तिला येणार होतं.