मगच हिराकस

हिरडा उकळू लागला की प्रथम ओल्या मातीसारखा वास येतो, मग तुरट, जिभेच्या मुळाशी आवळून बसणारा. आणि अगदी शेवटी, भांडं चुलीवरून उतरताना, त्यात बुरशी धरू नये म्हणून टाकलेली लवंग उलगडते. काष्ठौषधींच्या दुकानासमोरून जाताना आजही मी पदर नाकाशी धरते. लोक समजतात, हिला औषधांचा तिटकारा असेल. असू दे तसं.

तो वास आमच्या शेजारच्या शाईकाकांचा. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत निळीकाळी होती. साबण, चिंच, राख, कशालाही तो रंग दाद देत नसे. पांढऱ्या भातावर ती बोटं उतरली की काकू म्हणत, "हात आहेत की कावळ्याचे पंख?" काका शांतपणे घास घेत. "कावळा शिवल्याशिवाय इच्छा पुरी होत नाही म्हणतात ना? मग शिवू द्या की." काकू कानांवर हात ठेवत. "जेवताना अभद्र बोलू नका!"

संस्थान होतं तोवर काका दफ्तरात नकलनवीस होते. तीस वर्षं त्यांनी जुन्या, विटत चाललेल्या कागदांवरची अक्षरं नव्या कागदांवर उतरवली. संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, कचेऱ्या अर्धं वर्ष ग्वाल्हेरला जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि स्नेहलतागंजातल्या दोन खोल्यांत शाईच्या वड्या करायला घेतल्या. बाजारातल्या वड्या आमच्याकडच्या जड पाण्यात फाटत, तळाशी गाळ बसे, टाक अडखळे. काकांना अशी वडी हवी होती, जी कोणत्याही पाण्यात निमूट विरघळेल आणि जिचं अक्षर पाण्यात बुडवलं तरी हलणार नाही. पन्नाशी उलटलेला माणूस सारं घर पणाला लावून एवढंच मागत होता.

त्यासाठी ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाणी मागत. कुणी गावी निघालं की त्याच्या हाती रिकामी बाटली देत. गौतमपुऱ्याहून एकदा कुणी गढूळ पाण्याची बाटली आणली, तेव्हा त्यांनी ती उजेडात धरून अत्तरासारखी हुंगली. "कडक आहे हो! ह्या पाण्यात जी टिकली ती वडी सासरी नांदेल." खिडकीत बाटल्यांची रांग असे, प्रत्येकीवर गावाचं नाव. दुपारी ऊन त्यांतून गाळलं जाऊन भिंतीवर पडे, आणि मला वाटे, सारा माळवा त्या भिंतीवर हळूहळू हलतो आहे.

चार वर्षांनी गुपित सापडलं, आणि ते फक्त क्रमाचं होतं. हिरड्याच्या काढ्यात सगळे जण थेट हिराकस, शाईला काळेपण देणारा तो लोखंडाचा हिरवा क्षार, घालत. काकांनी आधी लिंबूसत्त्व घातलं, आणि मग हिराकस. गाळ बसला नाही. त्या दिवशी त्यांनी गौतमपुऱ्याच्या पाण्यात वडी विरघळवली, मला टाक दिला आणि म्हणाले, "तू लिही, बेटा. तुझं अक्षर चांगलं आहे." मी एक ओळ लिहिली. त्यांनी तो कागद पाण्याच्या परातीत सोडला. अक्षर हललं नाही. काकू देवापाशी साखर ठेवायला धावल्या.

हे गुपित त्यांनी झाकून ठेवायला हवं होतं. पण त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: "विद्या डब्यात कोंडली की तिला बुरशी धरते. मग लवंगसुद्धा काम देत नाही." गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेचं बोलावणं आलं, तसे ते शेगडी, भांडी आणि सात गावांच्या बाटल्या घेऊनच मंडपात गेले. सगळ्यांसमोर त्यांनी वडी केली. पुढच्या रांगेत लेखनसामानाचे एक ठोक व्यापारी बसले होते. आम्ही त्यांना नुसतं सेठजी म्हणत असू. "वाह काकाजी, वाह! एक बार फिर से बताओ, पहले क्या डाला?" काकांनी पुन्हा सांगितलं. मग घरी बोलावून त्यांना पोहेही खाऊ घातले.

आणि मी? मी तेव्हा कॉलेजात होते आणि जे दिसेल ते छंदात ओवत होते. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काकांच्या व्याख्यानाचा वृत्तान्त मला लिहायचा होता. गद्य मला कोरडं वाटलं. मी ओव्या रचल्या. त्यांतली एक:

हिरडा प्रहर चार भिजवावा।
मंद आचेवर अर्धा आटवावा।
लिंबूसत्त्वे आधी निववावा।
मगच हिराकस॥

छापील पान हाती आलं तेव्हा काकांनी ते तीनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "माझी भट्टी तू देव्हाऱ्यात नेऊन ठेवलीस गं," म्हणाले. इतकं मोठं बक्षीस मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी त्यांना समजावलं की दरबारच्या शाबासकीचे दिवस संपले. आता शोधाचा हक्क कलकत्त्याच्या कचेरीत अर्ज करून मिळवावा लागतो, त्याला पेटंट म्हणतात. अर्ज गेला. काकांनी तो स्वतःच्याच शाईने लिहिला होता. काही महिन्यांनी उत्तराऐवजी हरकत आली. सेठजींची. सोबत आमच्या स्मरणिकेचं एक पान जोडलेलं होतं.

वकीलसाहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचं ते पान दर फेऱ्याला थोडंसं उचललं जात होतं, जणू त्याला श्वास लागला होता.

"काका, हे अर्जाच्या आधी छापलं गेलं?"

"हो. गणपतीत."

"आणि मंडपात करूनही दाखवलंत?"

"लोकांनी फार आवडीने पाहिलं."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "जे जगजाहीर झालं ते नवं कसं म्हणायचं? आधी अर्ज, नंतर व्याख्यान. काढ्यात आधी काय, मग काय, ह्यासाठी चार वर्षं घालवलीत, आणि इथे एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला?" मग त्यांनी ओवीवर बोट ठेवलं. "व्याख्यानाचं एक वेळ म्हटलं असतं, कोणाला काय कळलं असेल. पण हे छापील आहे. ह्यात क्रमसुद्धा आहे. कोणी लिहिलं हे?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी काका म्हणाले, "माझ्याच सांगण्यावरून लिहिलं गेलं."

ते खोटं होतं. आयुष्यात त्यांनी बोललेलं एवढं एकच खोटं मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी कापडी पिशवी घेऊन निघाले. दीडशे प्रती छापल्या होत्या; त्या सगळ्या गोळा केल्या तर जणू छापल्याच नव्हत्या असं होईल, एवढीच माझी बुद्धी. एक प्रत कलकत्त्याला पोहोचली होती, हे कळूनही मी दारोदार हिंडले. गल्लीतली धूळ टाळूपर्यंत गेली होती. स्टेशनातल्या शिट्ट्या पाठीवर आसूड ओढल्यासारख्या येत होत्या. कुणी प्रती दिल्या, कुणी विचारलं, "काय, चूक छापून आली का?" एका घरी बाई भांडी घासत होत्या. "पुस्तिका? ती रद्दीत गेली बघ. पण कशाला हवी तुला? आमच्या चिमीला सगळं पाठ आहे. चिमे, म्हणून दाखव गं ताईला!" परकराशी चाळा करत ती सहा वर्षांची पोर स्वच्छ आवाजात म्हणू लागली, "लिंबूसत्त्वे आधी निववावा, मगच हिराकस." छंद कशासाठी असतो हे मला त्या दारात कळलं. जे विसरू नये ते विसरता येऊ नये, यासाठी.

परसात बंब पेटला होता. मी पिशवी उपडी केली आणि पहिली प्रत आगीशी धरली. कुंपणापलीकडून काका आले. ओरडले नाहीत. माझ्या हातून ती प्रत घेतली, तिची होरपळलेली कड निळ्या बोटांनी विझवली आणि खिशात घातली. "बाकीच्याही राहू दे, बेटा," म्हणाले. "अक्षर जाळायला नाही केली मी शाई."

अर्ज फेटाळला गेला. दिवाळीपर्यंत सेठजींच्या चकचकीत डब्या साऱ्या दुकानांत मांडल्या गेल्या. आत काकांचीच वडी होती. जड पाण्यात विरघळणारी, बुडवली तरी न हलणारी. शाळांत, कचेऱ्यांत, कोर्टात लोक तिने लिहू लागले. हे लोक काकांच्याच शाईने लिहीत आहेत, हे गल्लीतल्या चार घरांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. काकांनी शेगडी पेटवणं सोडलं. खिडकीतल्या बाटल्यांत शेवाळ धरलं. काकूंनी एकदा त्या धुवायला काढल्या, तर म्हणाले, "असू द्या, पाणी कुणाचं काय बिघडवतं?" आणि मग, फार हळूहळू, साबणाला, चिंचेला, राखेला जे जमलं नव्हतं ते घडू लागलं. त्यांची बोटं उजळू लागली. मी रोज ती बोटं पाहत असे. आधी नखं, मग पेरं. एखादा माणूस डोळ्यांदेखत पुसला जावा, तसं.

मी ओवी तर सोडाच, चार ओळींचं पत्रही लिहीनाशी झाले. पुढे, वर्षांनंतरही, कुणी आपल्या नव्या शोधाचं कौतुक सांगू लागलं की मी मधेच विचारते, "अर्ज केलात का आधी?" माणसं दचकतात. मला राहवत नाही.

शेवटच्या आजारात काका खिडकीकडे तोंड करून पडलेले असत. एका दुपारी काकूंनी मला बोलावलं. खोलीत हिरड्याचा वास नव्हता. फक्त औषधाचा आणि उन्हात तापलेल्या काचांचा. चादरीवर त्यांचा हात होता, गोरा, स्वच्छ, कुणा परक्याचा वाटावा असा. त्यांनी उशीखालून ती कड जळालेली स्मरणिका काढली आणि माझ्यापुढे केली.

ओवीचं पान आपोआप उघडलं. मी ते मिटलं. "काका, ह्याच ओळींनी तुमचं सगळं नेलं," मी म्हणाले. "नका ना ऐकू."

त्यांनी डोळे मिटले. तो पांढरा हात माझ्या मनगटावर ठेवला, आणि म्हणाले, "म्हण."