दाढेचं वाकडं मूळ

माझ्या उजव्या बाजूला चावायची एकच दाढ उरली होती, ती बी ठणकायला लागली. ती गेली की भाकरी दुधात कुस्करून खायची, एवढंच मला कळत होतं. सून म्हणायची, "आत्याबाई, काढून टाका, झंझट मिटल." मी म्हणायची, "तुझे बत्तीस हायेत, तू बोल."

तर जाफराबादहून एस.टी.नं आम्ही दोघी जालन्याला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिनं दाढेचा फोटो दाखवला. मूळ चिंचेसारखं वाकडं. "आजी, ह्या वळणापलीकडची नस निघाली तर दाढ राहील. नाही निघाली तर काढावी लागेल."

हिरडीत सुई दिली. थोड्या वेळानं गाल आपला न्हाईच असं वाटायला लागलं. तिनं केसाएवढी बारीक सळई बोटानं हळूच वाकवली, मुळाला वळण तसं सळईला, आणि आत घातली. वर पांढरा दिवा, तोंडात गार पाणी, कानाशी खळखळ... माझे डोळे मिटले. मी आपली पाटाच्या कडेनं चालायला लागले. विहिरीवरून निघालेला पाट बांधाजवळ वळायचा, तिथं गाळ साचायचा. मी वाकून हातानं गाळ काढायची, मंग पाणी पायाच्या बोटांमधून पुढं सरकायचं. कापसाला पिवळी फुलं आलेली. कुणाची हाक न्हाई, कसली घाई न्हाई.

त्या पाण्यातच एक कळ उठली. पार कानापर्यंत.

"आजी, दुखतंय का?"

"न्हाई," मी घशातल्या घशात म्हणाले. सवयच तशी! पहिल्या बाळंतपणात सासूबाई म्हणाल्या होत्या, "आवाज भाईर जाऊ द्यायचा न्हाई." तवापासून कुणी बी विचारलं, की काही न्हाई.

तिचा हात थांबला. "मग पायाची बोटं का आवळली? आजी, दुखतंय म्हणजे नस आत राहिलीय. तुमच्या 'नाही'वर मी इथंच थांबले, तर दाढ पुन्हा ठणकणार. दुखलं की डावा हात वर करा."

पुन्हा सळई गेली. पुन्हा पाट, फुलं, गार पाणी. आणि कळ. हात मांडीवरून हलता हलंना. मंग उचलला बाई, पार डोक्याच्या वर! कोपऱ्यात बसलेली सून ताडकन उठली. "अगं बाई, आत्याबाईला दुखून राह्यलं!"

आणखी एक सुई, आणखी धुणं-घासणं. शेवटी डॉक्टरीणबाई मास्कच्या मागं हसली. "निघाली. दाढ राहतेय आजी. पुढच्या वेळी भरून टाकू."

येताना एस.टी.त अर्धं तोंड बधिर, शब्द ओठावरून घसरत होते. तरी मी सुनेला म्हणलं, "गुडघा बी दुखतो गं माझा."

"कवापासून?"

"लई दिवस झाले."

तिनं माझ्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. म्हणाली, "अजून काय काय दुखतं ते सांगा. गाव यायला टाइम हाय."