पाईपामागचा माणूस

चित्रकला शिकवून निवृत्त झालो, पण गाव सुखाने बसू देईल तर ना! गोदामाच्या आगीत भिंत कोसळून अग्निशमन दलाचा एक जवान गेला. त्याचं स्मारक करायचं ठरलं आणि समितीने दगडी मूर्तीसाठी चित्र काढायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मीही हुरळलो. पाईप धरून आगीला भिडणारा एकटा वीर काढला आणि दाखवायला फायर स्टेशनवर गेलो.

तिथला जुना जवान हसायलाच लागला. "सर, एकटा कुठं धरतो पाईप? प्रेशर आलं की उडवून देईल. मागं दुसरा लागतो, खांदा लावून."

"मग त्या दिवशी मागं कोण होतं?"

त्याचं हसू गेलं. "टँकरवाला. आमची माणसं कमी पडली. पाणी घेऊन आला नि थांबला. तोपण गेला ना, त्याच भिंतीखाली."

जवळच्या कोन गावचा ड्रायव्हर, कारखान्यांना पाणी पुरवणारा. पेपरात त्याच्याबद्दल एक ओळ आली होती, ती मी वाचून विसरलो होतो. लाज वाटली. घरी येऊन लगेच दुसरा माणूस काढला, वाकून खांदा दिलेला.

समिती म्हणाली, "मूर्ती दोन चालतील, छान दिसतात. नाव मात्र एकच. टँकरवाला ड्युटीवर नव्हता."

"अहो, ड्युटी नसताना मेला, हे तर जास्तच की!" मी भडकलो.

"सर, तुम्ही चित्राचं बघा."

आणि जन्मभर पोरांवर डाफरणारा मी मास्तर, मुकाट चित्राचं बघत बसलो. काम सोडतो म्हणायला हवं होतं. पण माझं चित्र पहिल्यांदाच दगडात उतरणार होतं, मोह सुटला नाही.

अनावरणाला त्या ड्रायव्हरची आई आली. भाषणं आटोपली, गर्दी पांगली, तशी ती पुढे झाली. मागच्या मूर्तीचा खांदा चाचपून म्हणाली, "माजाच हाय." मग माझ्याकडे वळली. "मास्तर, मला वाचता न्हाय येत. पोराचं नाव कुठं हाय? माजं बोट ठेव त्याच्याव."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण तिने हात पुढे केलेला. मी तिचं बोट धरलं आणि जवानाच्या नावावर ठेवलं. एकेका अक्षरावरून फिरवलं.

"खोल कोरलंय," ती म्हणाली. "जानार न्हाय."