शहजादीचा देखणा खडा

नांदेडच्या एका कॉलेजात शहजादी शेख तांब्याचे चार अणू एका रेणूत बसवायचा प्रयत्न करते. मध्ये ऑक्सिजनचे पूल, बाहेरून सेंद्रिय रेणूंचं कुंपण. याला बहुकेंद्री धातू संकुल म्हणतात आणि तिची पीएचडी यावरच अडली होती. संकुल बनलं हे दाखवायला स्फटिक लागतो. त्यावर क्ष-किरण टाकले की कोणता अणू कुठे बसलाय ते कळतं. स्फटिक नाही तर प्रबंध नाही, आणि शेवटची मुदतवाढ जूनअखेर संपत होती.

देगलूरला आईला, शबानाबींना, हे समजावणं त्याहून अवघड.

“चार तांबे एका जागी आणून करायचं काय?”

“त्यांचं चुंबकत्व मोजायचं, अम्मी. लई थंड केलं की शेजारचे दोघं एकमेकांची ताकद मारून टाकतात.”

“त्यासाठी पीएचडी कशाला? तुझ्या दोन्ही चाच्यांना बघ की.”

स्फटिक ज्यात वाढवायचे ते मिथेनॉल नांदेडच्या उन्हाळ्यात टिकत नाही, उडून जातं. म्हणून द्रावणाची बाटली विभागाच्या फ्रिजमध्ये, मार्गदर्शक बिराजदार सरांच्या आमरसाशेजारी ठेवली होती. मे महिन्यात तिच्यात स्फटिक आले. निळे-हिरवे, टपोरे, चकचकीत. बाजूला काचेला थोडा मळकट हिरवा चुरा चिकटलेला.

मग पाहणी झाली. मुलगी बघायला यावं तसा सगळा विभाग जमला. सरांनी भिंग आणलं, बाटली हातोहात फिरली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही उगाच आले.

“अंगानं भरलेला आहे.”

“कडा बघा, कडा!”

“आणि हे खालचं?”

“ती घाण,” सर म्हणाले.

शहजादीला अशा पाहणीचा अनुभव होता. ईदनंतर उदगीरच्या एका देखण्या मुलाच्या घरच्यांनी तिला रंगावरून नाकारलं होतं. तरी तिनेही सर्वांत देखणा खडाच निवडला.

“सर, आधी आयआर घेऊन बघायचा का? साधी इन्फ्रारेड तपासणी आहे, पदार्थ कोणता ते कळेल.”

“बाई, असल्या चेहऱ्याला कोणी कागदपत्रं विचारतं का?” म्हणत सरांनी पेढे मागवले.

स्फटिक त्याच्याच द्रावणात ठेवावा लागतो, म्हणून ती अख्खी बाटली घेऊन हैदराबादला निघाली. वाटेत देगलूरला मुक्काम. तिथे खालाने, आईच्या बहिणीने, बाटली दिव्यापुढे धरली आणि पसंती कळवली, “उजळ हाय.”

हैदराबादला क्ष-किरण यंत्रावर सत्यम नावाचा तंत्रज्ञ होता. त्याने खडा सुईवर चढवला, पहिली मोजमापं घेतली आणि खुर्ची मागे सरकवली.

“मॅडम, ये तो कॉपर ॲसिटेट है.”

म्हणजे तिने सुरुवातीला द्रावणात टाकलेला कच्चा माल. त्यातला काही भाग कशाशीही न जुळता, नटूनथटून परत आला होता. विशेष म्हणजे त्यातही तांब्याचे दोन अणू जोडीने बसलेले असतात. पुस्तकात ते कित्येक वर्षांपासून आहे आणि प्रयोगशाळेच्या फडताळात किलोने आहे.

तिने सरांना फोन केला.

“प्राचार्यांनाही पेढा दिला होता गं,” सर म्हणाले.

पुन्हा स्फटिक वाढवायचे तर मुदत हातची जाणार होती. तिने बाटली सत्यमपुढे सरकवली.

“काचेला चिकटलंय ते बघा.”

“ये? कचरा है, मॅडम.”

“असू द्या. कचराच लावा.”

सूक्ष्मदर्शकाखाली त्या चुऱ्यात बारीक चपट्या वड्या निघाल्या. बऱ्याचशा तडकलेल्या, एक धड. ती यंत्रावर चढली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर चार तांबे आणि चार ऑक्सिजन एका वाकड्या खोक्याच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने बसलेले दिसले. तिला हवे तसेच.

“मी पेढे सांगतो!” सर फोनवर ओरडले.

“थांबा, सर. मी उरलेल्या चुऱ्याचा आयआर घेते. मग काय ते सांगा.”

आयआर जुळला. प्रबंध जूनमध्येच गेला. संकुलाचं चित्र तिने देगलूरला नेलं. खालाने ते आडवं धरलं, उभं धरलं.

“हेच का? मागचा जास्त देखणा होता.”

“हाव, खाला,” शहजादी म्हणाली. “उदगीरचा पोरगा बी होता.”