रास अल खैरच्या ओहोटीत दिसलेला नितीन

भुताखेतांचे किस्से सुरू झाले की चहा ठेवायला उठणारा माणूस मी. आजही असल्या गोष्टींवर विश्वास आहे असं म्हणवत नाही... पण जे पाहिलं ते लिहितो.

मी रियाधला एका बँकेच्या आयटीत आहे. धाकटा भाऊ नितीन समुद्रकाठच्या रास अल खैरच्या प्लांटवर नोकरीला होता. आम्ही मूळचे देवगडचे, त्यामुळे सुट्टी मिळाली की तो गळ घेऊन समुद्रावर. गेल्या वर्षी असाच गेला आणि परतला नाही. गाडी किनाऱ्यावर मिळाली, आत इकामा, म्हणजे इथलं राहण्याचं ओळखपत्र, आणि मोबाईल. तो नाही.

कोस्ट गार्डने शोध थांबवला तरी माझी आशा सुटेना. कुणी उचललं असेल, कुठे तुरुंगात असेल... काहीही. गावाकडे आई विधी करू देत नव्हती.

या हिवाळ्यात मी आणि बायको मंजिरी त्याच किनाऱ्यावर गेलो. तिथे मासेमारीला येणाऱ्यांसाठी दोन-तीन जुनी कॅरॅव्हॅन भाड्याने मिळतात; त्यातल्याच एकात रात्री राहिलो. त्यांची देखभाल करणारा रफीकभाई सोडला तर चिटपाखरू नव्हतं.

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. ओहोटी होती. मंजिरी दारात उभी राहून हळूच म्हणाली, "अहो, ते कोण?"

बऱ्याच आत, कमरेइतक्या पाण्यात एक माणूस गळ टाकत होता. डाव्या हाताने, आणि टाकण्याआधी खांदा किंचित मागे झटकून. ती सवय नितीनची. मी चप्पल न घालताच धावलो.

पाणी गुडघ्याला, मग कमरेला लागलं. तो तेवढ्याच अंतरावर. मी हाका मारत होतो, तो पाठमोराच. पाणी छातीला आलं... आणि अगदी कानाशी, त्याच्या नेहमीच्या आवाजात ऐकू आलं,

"दादा, फुडे येव नको."

वळून पाहिलं तर जवळ कुणी नव्हतं. समोर पाहिलं, तिथेही कुणी नव्हतं.

मागून रफीकभाई पाण्यातून येत होता. मला ओढत बाहेर काढताना तो सारखा विचारत होता, "आपके आगे वाला आदमी किधर गया?" म्हणजे त्यानेही पाहिलं होतं.

रफीकभाईने कळवल्यावर कोस्ट गार्डची बोट आली, दुपारपर्यंत फिरली. काही सापडलं नाही. त्यांच्यातला एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून "खलास" एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर मंजिरी म्हणाली, "आता आईंना विधी करायला सांगा."

मी अजून सांगितलेलं नाही. तिघांना एकच भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण तो आवाज जिवंत माणसाचा नव्हता, एवढं मला तिथेच कळलं. आई दर शुक्रवारी फोनवर विचारते, काही कळलं का. मी नाही म्हणतो.