नळ्या, ओटी आणि सासूबाई

"पोरीत खोट हाय मॅडम. तेवढं लिहून द्या, आम्ही तिला माहेरी पोचवतो."

गंगापूरहून आलेल्या सासूबाई सुनेबद्दल बोलत होत्या. सून, सविता, शेजारच्याच खुर्चीत बसली होती. वय चोवीस, लग्न नुकतंच झालेलं. नवरा दाराशी, मोबाईलमध्ये डोकं घालून.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं.

"आम्ही घरचेच हाव की."

"म्हणूनच."

तपासणी, सोनोग्राफी झाली. सविताला जन्मापासून गर्भपिशवी नव्हती आणि योनिमार्गाच्या जागी नुसता खळगा होता. बीजांडकोश ठणठणीत. त्यामुळं अंगाची वाढ चारचौघींसारखी, फक्त पाळी कधी आली नव्हती. लग्न झालं की येईल, असं घरच्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आपल्याकडं बहुतेक आजारांवर हेच औषध देतात.

"माझं काई चुकलं का मॅडम?"

"काहीच नाही. जन्मतःच असतं हे."

मी सरळ सांगितलं. मूल पोटात वाढणार नाही. योनिमार्ग मात्र तयार होऊ शकतो, तोही ऑपरेशनशिवाय. त्यासाठी डायलेटर असतात, म्हणजे लहानापासून मोठ्या अशा गुळगुळीत नळ्या. खळग्यावर रोज थोडा वेळ हलका दाब द्यायचा, आपला आपणच. कातडी हळूहळू ताणते. काही महिने लागतात.

"तुला हवंय का हे?"

"हे मला कुणी विचारलंच नाय."

आमच्या मोठ्या सरांना नळ्या पसंत नव्हत्या. "ऑपरेशन करून टाका. सासरची मंडळी घाईत आहेत."

"सर, ऑपरेशननंतरही मार्ग आकसू नये म्हणून बहुतेक वेळा नळ्या वापराव्याच लागतात. मग आधीच वापरू."

"तुमच्यासारखे आणखी चार डॉक्टर आले, तर ऑपरेशन थिएटर ओस पडेल, ओटीत गहू वाळत घालावे लागतील."

सासूबाईंनी म्हटल्याप्रमाणं सविताला माहेरी पोचवलं; तिथं राहून ती उपचार करू लागली. मधेच एकदा आली, रडवेली. "नाय जमत मला."

"मग थांब. सक्ती कुणाची आहे?"

काही आठवड्यांनी तिनं आपणहून पुन्हा सुरू केलं. म्हणाली, "आधी सासूला दाखवायसाठी करत होते, म्हणून लई राग यायचा. आता माझ्यासाठी करते."

मग जमलं. शेवटच्या तपासणीत सगळं व्यवस्थित होतं. सर सगळ्यांना सांगत सुटले, "मी म्हटलंच होतं, नळ्या वापरा."

बातमी गंगापूरला पोचलीच. सविता कागदपत्रं न्यायला आली त्या दिवशी सासूबाई पेढे घेऊन दवाखान्यात हजर, मागं नवरा.

"चल बाई घरी. झालं गेलं इसरून जा."

नवऱ्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आई म्हणती, चल."

"आन तुमी काय म्हणता?" सवितानं विचारलं.

तो आईकडं बघू लागला.

सविता गेली नाही. वाळूजला कंपनीत नोकरी करते, मजेत आहे. योनिमार्ग जन्मतः नसला तर आमच्याकडं उपाय आहे. कणा जन्मतः नसला, तर नवऱ्याला कुठं पाठवावं हे मला अजून कळलेलं नाही.