खिंडीतला दगड

दळण झालं, गोठा झाडला, ताक घुसळलं. काल सकाळी नेहमीची सगळी कामं केली, पण कोणतं आधी केलं ते आठवत नाही. हे गेल्यापासून दीड वर्ष असंच चाललं आहे.

बायांनो, आपण साऱ्या जणी आळीपाळीने लिहितो ती आपली फिरती वही आज माझ्याकडे आली, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या शेतात कापूस वेचणारी गुमानी काल सातपुड्यातल्या तिच्या पाड्यावर निघाली होती. मला म्हणाली, "खिंडपावत तरी चाल मन्हासंगे. घरमा बशीसन वाळी जाशी."

मी खिंडीपर्यंत जायला निघाले. चढण लागली, साग लागला, वारा लागला. वाटेत कोणी माझी कीव केली नाही.

खिंडीत दगडांचा ढीग आहे. येणारा-जाणारा डोंगरदेवासाठी त्यावर एक दगड ठेवतो. गुमानीने ठेवला. मी मात्र दगड हातात घेऊन बाजूला उभी राहिले. विधवेने देवाच्या कामाला हात लावायचा नाही, हे अंगात भिनलेलं.

गुमानी हसली. "डोंगरले काय मालूम, तुन्हा नवरा शे का नही? ठेव ना वं!"

मी ठेवला. काही झालं नाही, रडूही आलं नाही. तिथेच बसून भाकरी खाल्ली, तर मीठ कमी लागलं. कितीतरी दिवसांनी मला चव कळली.

तुमच्यातली कोण कोण अशी बाजूला उभी राहते? वहीत लिहा.

आज शेजारी बारसं होतं. मी गेले आणि पाळण्याची दोरी धरली.